समुद्रकाकडीसाठी रजा

आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय जेवणाच्या ताटावर झाले आहेत, आणि त्यातले निम्मे मला नीट ऐकू न आल्यामुळे झाले आहेत. हाही तसाच झाला. गणपती होऊन गेल्यावरच्या एका रविवारी, दुपारी जेवताना, सरोज म्हणाली, "मला एकदा जिवंत समुद्रकाकडी बघायचीय."

मी म्हणालो, "कर की. दाण्याचं कूट भरपूर घाल."

सरोज ही माझी बायको. रायसेन रोडवर आनंद नगरात एक शाळा आहे, तिथे तिने अठ्ठावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि गेल्या मार्चमध्ये ती निवृत्त झाली. मी विनायक. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. एकतीस वर्षं मी व्हॉल्व्ह तपासतो. व्हॉल्व्ह बरोबर असला तर अंगठा वर करतो, नसला तर खाली. माझ्या अंगठ्याला कारखान्यात मान आहे. घरी तेवढा नाही.

"भाजी नव्हे ती," सरोज म्हणाली. "प्राणी आहे. समुद्राच्या तळाशी असतो."

"काय करतो?"

"वाळू खातो."

"आणि?"

"वाळू बाहेर टाकतो."

"एवढंच?"

"घाबरला तर स्वतःची आतडी बाहेर फेकतो. शत्रू ती चिवडत बसतो, तेवढ्यात हा निसटतो. नंतर नवी आतडी उगवतात."

मी वाटी खाली ठेवली. एकतीस वर्षांत मला हा उपाय सुचला असता तर कितीतरी आढावा बैठका टळल्या असत्या.

मग हळूहळू प्रकरण उलगडलं. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्या होत्या. त्यात औषधात बुडवलेले प्राणी: तारामासा, समुद्रकाकडी, एक छोटा ऑक्टोपस. सरोजने या बरण्या दाखवून अठ्ठावीस वर्षांत कितीतरी मुलांना समुद्र शिकवला. आणि ती स्वतः? लग्नाआधी नागपूर, लग्नानंतर भोपाळ. समुद्र तिने दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा काठावरून, आणि दोन्ही वेळा मी "चल, गाडी चुकेल" म्हणून तिला उठवलं होतं. हे शेवटचं तिने फार शांतपणे सांगितलं. बायको शांतपणे बोलली की माणसाने तिकिटं काढावीत, असं माझं मत आहे.

पुण्याला असलेल्या आमच्या जुईने, म्हणजे मुलीने, फोनवर सगळं ठरवून टाकलं. अंदमान, जानेवारी, हॅवलॉक बेट, आणि दोघांनी पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायचं. त्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. "पोहता नाही आलं तरी चालतं बाबा," ती म्हणाली, "एकेकाला एकेक शिक्षक धरून नेतो."

"मी काठावर बसेन," मी म्हणालो.

"चालेल," सरोज म्हणाली. "तुम्ही चपला सांभाळा."

झालं. त्या एका वाक्यामुळे मला पाण्यात उतरणं भाग पडलं.

सोनागिरीत आमच्या गल्लीत कुठलीही गोष्ट गुप्त राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचे मधुकर वानखेडे गेटावर हजर. मधुकरराव मूळचे अमरावतीचे, आमच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि सल्ला देताना आवाज खाली आणणारे.

"काय बाप्पा विनायकराव, या वयात समुद्रात उडी मारून राहिले म्हणते?"

"उडी नाही. उतरणार आहे."

"शार्क आला तं पळायचं नाही. नाकावर ठोसा मारायचा."

"तुम्ही कधी पाहिलाय शार्क?"

"आम्हाले काय गरज? आम्ही तं इथंच हाओ."

पलीकडचे मिश्राजी फाटकावर रेलून ऐकत होते. ते म्हणाले, "भाईसाब, डूबने का इतना ही शौक है तो अपना बड़ा तालाब क्या बुरा है? शाम को घर भी लौट आओगे." भोपाळच्या माणसाला बड्या तलावाच्या पुढे पाणी असतं हे पटतच नाही. मधुकररावांच्या लीलावहिनींनी मात्र एकच मागणी केली, "येताना एक मोठा शंख आणा." तिथून शंख आणायला बंदी आहे असं सरोजने सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग जाता कशाला?"

यानंतर रजा.

माझ्या नोकरीत मी एकदाही रजा वाढवलेली नाही. मंजूर रजेपेक्षा एक दिवस आधी हजर झालेलो आहे, तोही दोनदा. त्यामुळे अर्ज करताना मला वाटलं, तो जाताच मंजूर होईल. चौथ्या दिवशी रजा विभागातला सुभाष ढोबळे माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, अर्ज परत आलाय."

"का?"

"तुम्ही लिहिलंय, मुक्काम पोर्ट ब्लेअर. पोर्ट ब्लेअर आता नाही."

"नाही म्हणजे? बुडालं?"

"नाव बदललं ना साहेब. श्री विजयपुरम झालं."

मी नाव दुरुस्त करून दिलं. तीन दिवसांनी सुभाष पुन्हा आला. "साहेब, सिस्टीम घेत नाही. तिच्या यादीत पोर्ट ब्लेअरच आहे, श्री विजयपुरम नाही."

"म्हणजे जे गाव आहे ते सिस्टीममध्ये नाही, आणि सिस्टीममध्ये आहे ते गाव नाही?"

"करेक्ट," सुभाष खूश होऊन म्हणाला. त्याला वाटलं मला प्रश्न समजला, म्हणजे तो सुटला.

त्यातच हॅवलॉक. त्याचंही नाव बदलून स्वराज द्वीप झालेलं. मोठ्या साहेबांनी अर्जावर शेरा मारला: 'कर्मचारी नेमका किती ठिकाणी जाणार आहे याचा खुलासा करावा.' मी खुलासा केला की ठिकाणं दोन आहेत, नावं चार आहेत, आणि कर्मचारी एकच आहे. मग त्यांनी विचारलं, रजेच्या काळात संपर्काचा पत्ता काय. मी हॉटेलचा दिला. सुभाष म्हणाला, "पण पाण्याखाली असाल तेव्हाचा?" तो गंमत करत होता की नाही हे मला आजही कळलेलं नाही. रजा मात्र मंजूर झाली. बुधवार ते पुढचा शुक्रवार, आणि सोमवारी हजर.

बेटावरच्या डायव्हिंगवाल्यांनी एक आरोग्याचा तक्ता पाठवला होता. पन्नाशीच्या पुढच्यांनी डॉक्टरांचं पत्र आणायचं. मी दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर सज्जन होते, पण त्यांच्याकडे छापील दाखले दोनच प्रकारचे: 'कामावर रुजू होण्यास योग्य' आणि 'अयोग्य'. समुद्रात उतरण्याचा नमुना नव्हता. त्यांनी बराच वेळ पेन हनुवटीला लावून विचार केला, आणि मग 'फिट टू रिज्यूम ड्यूटी' या छापील ओळीपुढे हाताने लिहिलं, 'अंडर वॉटर'. खाली सही, शिक्का. असा दाखला असलेला मी कारखान्यातला पहिलाच माणूस असेन.

कानाच्या डॉक्टरांकडे दोघंही गेलो. ते म्हणाले, नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि नाकातून हवा दाबा. पाण्यात खाली जाताना असंच करायचं असतं, नाहीतर कान दुखतात. सरोजचे दोन्ही कान टक् टक् वाजले. माझा डावा वाजला. उजवा वाजायला एवढा वेळ लागला की डॉक्टरांनी मधल्या वेळात दुसऱ्या रुग्णाचं बिल केलं.

"उजवा जरा आळशी आहे," ते म्हणाले. "पण चालेल. घाई करू नका."

मग सराव. जुईने पाठवलेला काचेचा मुखवटा नाकाडोळ्यांवर चढवून आणि तोंडात नळी धरून मी रोज अर्धा तास हॉलमध्ये बसू लागलो. नाकाऐवजी तोंडाने श्वास घ्यायची सवय व्हायला हवी ना. सरोज एका दिवसात शिकली. मी सोफ्यावर बसल्या बसल्या गुदमरत होतो. एकदा मी मुखवट्यात बातम्या बघत असताना लीलावहिनी मेतकूट घेऊन आल्या. त्यांनी मला पाहिलं, मेतकूट टेबलावर ठेवलं, आणि आवाज न करता गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी: विनायकरावांना ऑक्सिजनवर ठेवलंय. मंडीदीपहून माझा आतेभाऊ भेटायला आला. संत्री घेऊन. मी दार उघडल्यावर तो थोडा हिरमुसला.

या सगळ्यात सरोज काय करत होती? ती वाचत होती. आणि वाचलेलं मला सांगत होती. तारामाशाला मेंदू नसतो, पण वाट सापडते. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. पोपटमासा प्रवाळ कुरतडून खातो आणि त्याच्या पोटातून पांढरी वाळू पडते; बेटांवरच्या किनाऱ्यांची बरीचशी वाळू म्हणजे तेच. हे ऐकल्यापासून मला अंदमानचा किनारा जरा वेगळ्या नजरेने पाहावा लागला. पण मला तिच्या बोलण्याची गोडी लागली हे खरं. मी रोज विचारायचो, आज काय? जणू एखाद्या मालिकेतली पात्रं.

शेवटी आम्ही पोचलो. दोन विमानं आणि एक बोट करून. विमानाच्या खिडकीतून पाणी दिसलं तेव्हा सरोजने माझा हात एवढा घट्ट धरला की माझ्या घड्याळाचा पट्टा सुटला.

हॅवलॉकवर आम्हाला दोन शिक्षक मिळाले. माझ्यासाठी निनाद, देवगडचा, उन्हाने रापलेला तिशीतला माणूस. सरोजसाठी अश्विनी, मूळची ठाण्याची. मराठी ऐकून मला धीर आला. बुडायचंच असेल तर निदान मातृभाषेत ओरडता येईल. मी माझा दाखला पुढे केला. निनादने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि अश्विनीला दाखवायला घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता, पण डोळे नव्हते.

"काका, पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकू," तो म्हणाला. "बोट आणि अंगठा जुळवून गोल, म्हणजे सगळं ठीक. पंजा असा डुगडुगवला, म्हणजे काहीतरी बिघडलंय. आणि अंगठा वर म्हणजे, मला वर न्या."

"अंगठा वर म्हणजे ठीक ना?"

"नाही काका. अंगठा वर म्हणजे वर."

मी मान डोलावली. मग माझ्या व्यवसायाला जागून हवेच्या टाकीचा दाबमापक पाहिला. "याची तपासणी कधी झाली होती?" निनादने तारीख सांगितली. "नोंदवही दाखवता?" त्याने नोंदवही दाखवली. व्हॉल्व्ह मी स्वतः उघडून, बंद करून, कान लावून पाहिला. व्हॉल्व्ह उत्तम होता. मी समाधानाने अंगठा वर केला.

निनाद म्हणाला, "हेच पाण्यात करू नका."

पाण्यात उतरलो. सांगण्यासारखं पहिलं हे की आवाज बंद झाला. एकतीस वर्षं यंत्रांच्या घरघरीत काढलेल्या माणसाला ही शांतता कानात बोट घातल्यासारखी वाटते. फक्त माझाच श्वास, तोही दुसऱ्या कुणाचा असावा असा. दोन पुरुष खोलीवर उजव्या कानात सुई घुसली. मी पंजा डुगडुगवला. निनादने थांबवलं, नाक धरायला लावलं, आम्ही थोडं वर आलो, पुन्हा खाली गेलो. चौथ्या खेपेला उजव्या कानाने टक् केलं. मी खाली पाहिलं.

खाली प्रवाळ होतं. शेवंतीच्या फुलाएवढ्या, छत्रीएवढ्या, मेंदूसारख्या वळ्यांच्या आकृत्या, आणि त्यांच्यावरून नारंगी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे असे फिरत होते जसे न्यू मार्केटमध्ये लोक दिवाळीच्या आदल्या दिवशी फिरतात. एक हिरवानिळा पोपटमासा खरोखरच दगड कुरतडत होता. मला त्याचा कुर्रकुर्र आवाज ऐकू आला! म्हणजे सरोजने सांगितलेलं सगळं खरं होतं. मला एवढा आनंद झाला की मी निनादकडे वळलो आणि सवयीने अंगठा वर केला.

निनादने मला वर नेलं.

"काय झालं काका?"

"काही नाही. फार छान होतं."

पुन्हा खाली. पुन्हा कान. पुन्हा टक्, यावेळी सातव्या खेपेला. मग समुद्रफूल नावाच्या एका प्राण्याच्या बोटांमधून एक छोटा नारंगी मासा बाहेर आला आणि माझ्या मुखवट्यासमोर येऊन मला हाकलू लागला. बोटभर जीव, पण असा रुबाब की आमच्या कारखान्याच्या गेटावरचा सुरक्षारक्षक आठवला. मी अंगठा वर केला. निनादने मला वर नेलं.

तिसऱ्या वेळी त्याने खाली जाताना माझे दोन्ही अंगठे स्वतःच्या मुठीत धरून ठेवले. पण तोवर उजवा कान असा रुसला होता की त्याने टक् करायलाच नकार दिला. माझं उरलेलं डायव्हिंग बोटीच्या दोराला लटकून झालं. बोटीवरच्या एका इंदूरच्या कुटुंबाने मला सहानुभूतीने बिस्किट दिलं.

आणि सरोज? सरोज गेली होती. तिच्या श्वासाचे बुडबुडे लांबवर, संथपणे, रांगेत वर येत होते. मी ते मोजत बसलो.

पस्तीस मिनिटांनी ती वर आली. बोटीत बसली. मुखवटा काढला, त्याचा लाल वळ चेहऱ्यावर उमटला होता. टाकीचे पट्टे न सोडताच ती बसून राहिली. मी घाबरलो.

"काय झालं? कान दुखला?"

"निळा होता," ती म्हणाली.

"कोण?"

"तारामासा. निळा. आपल्या दाराच्या नव्या रंगासारखा, झगझगीत निळा." तिने ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "अहो, बरणीत तो पांढुरका असतो. औषधात रंग उडून जातो. मला ते माहीत होतं. पुस्तकात लिहिलेलंच असतं, रंग टिकत नाही. पण मुलांनी विचारलं की मी बरणीकडे बघूनच सांगायचे, पांढुरका. अठ्ठावीस वर्षं." तिने मुखवट्यातलं पाणी ओतून टाकलं. "मी त्यांना मेलेल्याचा रंग शिकवला."

मी तिला अर्धं बिस्किट दिलं. तिने ते खाल्लं, आणि एकदम अश्विनीकडे वळून म्हणाली, "पण समुद्रकाकडी नाही दिसली."

अश्विनी म्हणाली, "या जागी कमीच काकू. पलीकडे गवताळ तळ आहे, तिथे हमखास असतात. पण उद्या वारा आहे, बोट जाणार नाही. परवा जाईल."

परवा म्हणजे शुक्रवार. आणि शुक्रवारी सकाळी आमची परतीची बोट, दुपारी विमान होतं. शिवाय डायव्हिंग केल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं, शरीरातल्या हवेचा काहीतरी हिशेब असतो. म्हणजे शुक्रवारी उतरायचं, शनिवारी बेटावर थांबायचं, रविवारी निघायचं. त्यात परतीच्या जोडविमानांचं गणित धरलं तर कारखान्यात सोमवारी नव्हे, बुधवारी.

"जाऊ दे," सरोज लगेच म्हणाली. "खूप पाहिलं. तुमची रजा संपते."

ती अगदी सहज म्हणाली. तक्रार नाही, सुस्कारा नाही. टॉवेल झटकून घडी घालू लागली. तीस-बत्तीस वर्षांत तिने अशा किती घड्या घातल्या असतील, असं माझ्या मनात आलं, आणि मला बोटीवर नीट बसवेना.

दुसऱ्या दिवशी खरंच वारा होता. मी हॉटेलच्या मागे, जिथे फोनला एक कांडी मिळते तिथे नारळाच्या झाडाला टेकून उभा राहिलो आणि सुभाषला फोन लावला.

"सुभाष, रजा दोन दिवस वाढवायचीय."

"साहेब, तुम्ही विनायक साहेबच बोलताय ना?"

"हो."

"तब्येत बरी आहे? मग मी वैद्यकीय कारण टाकतो. लगेच होतं."

"तब्येत ठणठणीत आहे."

"तर मग कौटुंबिक अडचण?"

"अडचण काही नाही."

"साहेब, कारण तर टाकावं लागेल. सिस्टीममध्ये चारच पर्याय आहेत. आजार, लग्न, मृत्यू, इतर."

"इतर टाक."

"इतरपुढे लिहावं लागतं."

लाटांचा आवाज येत होता. मी घसा खाकरला. कारखान्यात माझं एक नाव आहे. माझ्या हाताखालची माणसं खोटं कारण सांगतात तेव्हा मी ते ओळखतो, आणि त्यांनाही कळतं की मी ओळखलंय. "लिही," मी म्हणालो, "पत्नीला समुद्रकाकडी बघायची आहे."

"काकडी?"

"समुद्रकाकडी. एक शब्द."

"साहेब, मोठे साहेब वाचतील."

"वाचू दे. काही विचारलं तर सांग, परत आल्यावर मी स्वतः येऊन समजावेन. तो प्राणी घाबरला की आतडी बाहेर टाकतो, हेही सांग."

सुभाष बराच वेळ टाईप करत होता. मग खालच्या आवाजात, रजा विभागाच्या नसलेल्या आवाजात, त्याने विचारलं, "मग साहेब... तो मरत नाही?"

"नाही रे. नवी उगवतात."

"च्यायला," सुभाष म्हणाला. "भारी आहे."

मी खोलीत जाऊन सरोजला सांगितलं. ती खुर्चीवर बसून पुस्तकातलं काहीतरी वहीत उतरवत होती. तिने पेन बंद केलं. "खरं कारण सांगितलंत?"

"हो."

"सगळ्या कारखान्याला कळेल."

"कळलं असेल एव्हाना."

ती हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. एवढं हसली की शेजारच्या खोलीतल्या बाईने दार उघडून पाहिलं.

शुक्रवारी पाणी काचेसारखं होतं. निनादने मला सरळ खाली न नेता दोराला धरून हातभर उतरवलं, थांबवलं, पुन्हा हातभर. आळशी कानाला त्याच्या गतीने चालू दिलं. घाई केली नाही. अंगठे मी स्वतःच पोटाशी दुमडून ठेवले होते. किती वेळ गेला कळलं नाही, पण माझे पाय एकदम वाळूला लागले. मी समुद्राच्या तळाशी उभा होतो! डॉक्टरांच्या भाषेत, ड्यूटीवर रुजू.

गवताची कुरणं होती. आखूड, हिरवी, वाऱ्यावर हलावीत तशी हलणारी. आणि त्यांच्या कडेला, वाळूवर, ती होती. लांबट, तपकिरी, काळसर ठिपक्यांची, हातभर. कुणाचा तरी विसरून गेलेला लोकरी मोजा पडावा तशी पडलेली. सरोज तिच्यापासून फूटभर अंतरावर पोटावर आडवी तरंगत होती, अश्विनीने मागून टाकी धरलेली. पाणबुडे तळाशी गेले की काहीतरी शोधत फिरतात. सरोज हलत नव्हती. काकडीही हलत नव्हती. मी दोघींकडे पाहत होतो. पाच मिनिटं. सात मिनिटं. माझ्या मनात आलं, यासाठी मी नोकरीतला डाग घेतला.

अश्विनीने घड्याळ दाखवलं: वेळ झाली. सरोजने तिच्याकडे न बघता एक बोट वर केलं. एक मिनिट. मिनिट गेलं. अश्विनीने पुन्हा खांद्याला स्पर्श केला. पुन्हा एक बोट. अश्विनीने निनादकडे हताशपणे पाहिलं, निनादने माझ्याकडे बोट दाखवलं: तुमची बायको, तुम्ही बोलवा. आणि मला हळूच तिच्याकडे ढकललं.

मी तिच्या दंडाला हात लावला. तिने वळून पाहिलं नाही. तिने माझं मनगट पकडलं आणि मला खाली ओढलं, थेट वाळूजवळ, तिच्या गालाशेजारी, आणि बोटाने दाखवलं. तोंड.

आधी मला काही दिसेना. मग दिसलं. त्या मोज्याच्या टोकाला छोट्या छोट्या फुलांसारखी, फांद्याफांद्यांची बोटं होती. एक बोट पुढे व्हायचं, वाळूवर टेकायचं, कण वेचायचं, आणि मग वाकून तोंडात जायचं. ते बाहेर येत असताना शेजारचं आत जायचं. मग त्याच्या पलीकडचं. एकही चुकत नव्हतं, एकही घाई करत नव्हतं. वाटी चाटून पुसून आमटी खाणाऱ्या माणसासारखं, बोट बोट चाखत, ते प्रकरण समुद्राचा अख्खा तळ जेवत होतं. आणि मी एवढा वेळ समजत होतो की काही घडतच नाहीये. ते कुठल्या बोटाने सुरू करतं? त्याच क्रमाने पुन्हा येतं का? मी मोजायला लागलो. एक, दोन, पाच, आठ. नववं कुठे गेलं?

कुणीतरी माझा खांदा थोपटला. निनाद. त्याने घड्याळ दाखवलं, मग अंगठा वर केला. सरोजकडे नव्हे, माझ्याकडे बघून.

मी वाळूवरून नजर न काढता त्याला एक बोट दाखवलं.